चीज मुरताना त्यातले जिवाणू मोजायची भानगड सुरू कुठून झाली?

आपल्याकडं मराठवाड्यात चीज घरी कोण करतंय, इकडं दुधाला विरजण लागतं नाहीतर भूमकडं ते खव्याच्या भट्टीवर जातं. खव्यात दूध आटवून आटवून जिवाणूंचा विषयच बराचसा मिटतो, चीजचं मात्र उलटं, ते महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचं आणि आतल्या जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं. पण आत कोण किती वाढलं हे बाहेरून कळणार कसं?

दूध आंबतं ते जिवंत जंतूंमुळं, हे लुई पाश्चर 1857 मध्येच सांगून बसला होता. 1878 मध्ये जोसेफ लिस्टरनं दूध इतकं पातळ करत नेलं की थेंबात जेमतेम एखादाच जिवाणू यावा, आणि तसा एक वेगळा काढला. मोजणीत आजही तेच, पातळ करत जायचं. मग जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखची घट्ट थरावर जिवाणू वाढवायची पद्धत आली, एका जिवाणूपासून वाढलेला पुंजका तिथं डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो, पण तो थर जिलेटिनचा, म्हणजे परभणीच्या मे महिन्यात त्याचं सरळ पाणीच झालं असतं. त्यावर तोड काढली फॅनी हेसे या बाईंनी, स्वयंपाकात वापरायचं अगर-अगर, म्हणजे समुद्री शेवाळाचा घट्ट करणारा पदार्थ, सुचवून. 1887 मध्ये पेट्रीची झाकणवाली डिश आली आणि ठिपके मोजणं सोपं झालं.

खरी मजा पुढं आहे. पाश्चरचा शिष्य द्युक्लो म्हणायचा की चीज मुरवतात ते त्याला सापडलेले टायरोथ्रिक्स नावाचे जिवाणू. स्वित्झर्लंडमध्ये फ्रॉयडनराइखनं एमेंटल चीजमध्ये मोजून बघितलं तर ते वाढतच नव्हते, वाढत होते ते लॅक्टिक ॲसिड बनवणारे, म्हणजे दूध आंबवणारे. तेवढ्यात 1897 ला अमेरिकेत बॅबकॉक आणि रसेल म्हणाले, अहो दुधात स्वतःचंच एन्झाइम, म्हणजे प्रथिनं तोडणारा पदार्थ, असतं, जिवाणूंचा जोर मोडला तरी थोडं मुरतंच! माझ्या मते या भांडणानंच मोजणीला किंमत आली, नाहीतर नुसते ठिपके मोजून कोणाला काय करायचं होतं.

चेडर चीजमध्ये पुढं जे दिसलं ते तर लईच भारी. विरजणातले जिवाणू सुरुवातीला ग्रॅममागं 10 कोटी ते 100 कोटी असतात आणि मुरताना मरत जातात, अन् न बोलावता आलेले दुसरेच लॅक्टोबॅसिलस शे-दोनशेवरून दोन-तीन महिन्यांत कोटीच्या घरात जातात. मेलेले वाया जात नाहीत बरं का, पेशी फुटून त्यांचे एन्झाइम बाहेर पडतात आणि चव त्यानंच येते, म्हणजे आकडा घसरला म्हणून चीज बिघडलं असं नसतं.

पण ही दोन टोळकी प्लेटवर, म्हणजे पेट्रीच्या डिशमध्ये, वेगवेगळी ओळखायची कशी? त्यासाठी 1960 मध्ये डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी लॅक्टोबॅसिलससाठी एमआरएस नावाचं खाद्य काढलं, 1975 मध्ये विरजणातल्या लॅक्टोकॉकससाठी एम17 आलं. चीजचा तुकडा सोडियम सायट्रेटच्या कोमट पाण्यात घोटायचा, दहा-दहा पटीनं पातळ करायचा, प्लेटवर टाकायचा आणि जिथं साधारण 30 ते 300 ठिपके येतील तीच प्लेट मोजायची. काम किचकट, पण उदगीरला डेअरी शिकणाऱ्या पोरांनाही पातळ करून ठिपके मोजण्यातनं सुटका नाही.

आता क्यूपीसीआर नावाची चाचणी आहे, जिवाणूंच्या डीएनएवरनं काही तासांत आकडा देते, फक्त त्यात मेलेलेही मोजले जातात. म्हणून दोन्ही करतात, प्लेटवरचे जिवंत एकीकडं आणि डीएनएवाले सगळे दुसरीकडं, मधल्या फरकावरनं मेले किती याचा अंदाज येतो.