एक स्टोव्ह, दोन भांडी आणि डेडलाइन

परवा एका गेमिंग फोनच्या जाहिरातीत ‘रिअल टाइम परफॉर्मन्स’ असं ठळक अक्षरांत वाचलं आणि हसू आलं. रिअल टाइम म्हणजे सुसाट, हा समज इतका पक्का बसलाय की इंजिनिअरिंगची मुलंसुद्धा तोंडी परीक्षेत तेच सांगतात. खरं तर रिअल टाइम सिस्टिमला वेगापेक्षा शब्द पाळण्याची फिकीर जास्त असते. गाडीतल्या एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्युटर चाकांचा वेग ठरावीक मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा तपासतो. पुढची फेरी यायच्या आत आधीचा हिशेब संपलाच पाहिजे. पंचांगातला मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढून देतात, इथे ती सोय नाही.

आता प्रोसेसर एक आणि अशी नियतकालिक कामं अनेक. कोणाला आधी घ्यायचं?

टपरीवर एकच स्टोव्ह आहे असं धरा. दर 5 मिनिटांनी चहाचं आधण ठेवायचं, त्याला 2 मिनिटं लागतात. दर 7 मिनिटांनी भज्यांचा एक घाणा, त्याला 4 मिनिटं. पुढची ऑर्डर यायच्या आत आधीची हातावेगळी व्हायला हवी. मध्येच कढई उतरवून चहा चढवता येतो. (तेल निवतं, त्याचं काय? प्रोसेसरलाही एक काम सोडून दुसरं धरताना असं नुकसान होतं, त्याला कॉन्टेक्स्ट स्विचचा खर्च म्हणतात. तूर्त तो फुकट धरू.) स्टोव्हचा वापर 2/5 अधिक 4/7, म्हणजे सुमारे 97 टक्के. शंभराच्या आत आहे, मग जमायला हवं ना?

पहिला नियम ‘रेट मोनोटॉनिक’: जो वारंवार येतो त्याचा मान कायम पहिला, म्हणजे चहाचा. 0 ते 2 चहा, 2 ते 5 भजी. पाचव्या मिनिटाला नवा चहा आला, कढई खाली. सातव्या मिनिटाला चहा झाला, पण घाण्याचं 1 मिनिट अजून बाकी आणि पुढचा घाणा दारात. डेडलाइन हुकली!

दुसरा नियम ‘अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट’: ज्याची मुदत आधी संपते तो आधी. पाचव्या मिनिटाला चहाची मुदत 10, भज्यांची 7. म्हणून कढई हलवायची नाही. सहाव्याला घाणा निघाला, आठव्याला चहा. पुढच्या फेऱ्या कागदावर मांडून पाहा, 35 मिनिटांनी चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि मध्ये एकही मुदत चुकत नाही.

1973 साली लिऊ आणि लेलँड या दोन संगणकशास्त्रज्ञांनी हे सिद्ध करून दाखवलं. मुदतीचा नियम वापर 100 टक्के होईपर्यंत साथ देतो. पहिल्या नियमाची हमी मात्र दोन कामांना 82.8 टक्क्यांपर्यंतच (2 च्या वर्गमुळातून 1 वजा करा आणि दुप्पट करा), तिनाला 78, आणि कामं वाढवत नेली की 69.3 टक्क्यांकडे सरकते. हा आकडा म्हणजे 2 चा नैसर्गिक लॉगरिदम. स्टोव्हच्या भांडणात लॉगरिदम कुठून उगवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. हमी संपली म्हणजे काम फसलंच असंही नाही. चहा दर 5 मिनिटांनी आणि 6 मिनिटांचा घाणा दर 10 मिनिटांनी असेल, तर पहिला नियमही पूर्ण 100 टक्के पेलतो, कारण 10 ला 5 ने भाग जातो.

मग सगळीकडे दुसराच नियम का नाही? कारण भार शंभरावर गेला की तो कोणाची मुदत चुकवेल याचा नेम नाही, आणि एकाची चूक पुढच्याला लागत जाते. पहिल्या नियमात निदान फटका कमी मानाच्या कामाला बसणार हे आधीच माहीत असतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने 2014 साली, 3.14 आवृत्तीत, मुदतीचा नियम घेतला तो एक पहारेकरी बसवूनच. नवं काम घेण्याआधी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळ्या कामांच्या वापराची बेरीज करतो. डिफॉल्ट मर्यादा 95 टक्के. तेव्हा आपली 97 टक्क्यांची टपरी प्रोसेसरच्या एका कोअरवर (म्हणजे एकाच स्टोव्हवर) घेऊन गेलात, तर चहा आत जाईल आणि भज्यांना ‘बिझी’ असा एरर देऊन कर्नल दारातूनच परत पाठवेल.