बिनतारी मेमरी कार्ड

बिनतारी मेमरी कार्ड : डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे साठवणारे आणि केबल किंवा कार्ड रीडर न वापरता ती वाय-फायवरून संगणक, मोबाइल फोन अथवा इंटरनेटवरील एखाद्या सेवेकडे पाठवणारे मेमरी कार्ड. बाहेरून ते नेहमीच्या एसडी कार्डासारखेच दिसते : ३२ मिमी. लांब, २४ मिमी. रुंद, २.१ मिमी. जाड, पाठीमागे एका टोकाला संपर्कपट्ट्या आणि कडेला लेखनप्रतिबंधक खटका. एवढ्याच जागेत फ्लॅश मेमरीबरोबर वाय-फायची चिप, तिचा अँटेना आणि या सर्वांचा कारभार पाहणारा छोटा प्रोसेसर बसवलेला असतो. छायाचित्रकार त्याला सरळ ‘वाय-फाय कार्ड’ म्हणतात. शीर्षकात ‘बिनतारी’ हे विशेषण घेतले आहे ते बिनतारी संदेशवहनापासून मराठीत रुळलेले आहे म्हणून. साधारणतः २००७ ते २०१७ हे दशक या कार्डाच्या चलतीचे मानता येईल.

एसडी कार्ड सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले व पुढच्याच वर्षी त्याच्या मानकाची देखरेख करणारी एसडी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. कॅमेऱ्याने फाइली कोणत्या फोल्डरात व कोणत्या धर्तीच्या नावांनी ठेवाव्यात, याचा जपानी उद्योगांनी ठरवलेला नियम त्याआधीच अस्तित्वात होता. कोणत्याही कार्डात ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर आढळते ते त्यामुळे. बिनतारी कार्डाच्या दृष्टीने ही एकवाक्यता महत्त्वाची ठरली, कारण कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असला तरी छायाचित्रे कोठे शोधायची हे कार्डाला आधीच ठाऊक असते.

पहिले बिनतारी कार्ड कोणते, याचे उत्तर ‘बिनतारी कार्ड’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. एसडी कार्डाच्या आकारात वाय-फाय बसवण्याचे तंत्र २००३ च्या सुमारास बाजारात आले होते. सॅनडिस्क व अन्य उत्पादकांची ती कार्डे हातात मावणाऱ्या संगणकांसाठी होती आणि एसडीआयओ या विस्तारित मानकावर चालत. त्यांत कार्ड हे केवळ रेडिओचे काम करी. जाळ्याशी जोडणे, पत्ता मिळवणे, माहिती पाठवणे ही बाकीची सर्व जबाबदारी यजमान यंत्राची असे आणि त्या यंत्रात त्यासाठीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) असावा लागे. कोडॅकने जानेवारी २००५ मध्ये जाहीर केलेल्या ईझीशेअर-वन या कॅमेऱ्यात अशाच प्रकारचे वाय-फाय कार्ड वापरता येत असल्यामुळे कॅमेऱ्यातील पहिल्या बिनतारी कार्डाचा मान काही जण त्याला देतात. मात्र ते कार्ड ज्या कॅमेऱ्याला त्याची ओळख करून दिली आहे त्याच्याच उपयोगाचे होते. त्याच वर्षी निकॉनने कूलपिक्स पी१ व पी२ या कॅमेऱ्यांतच वाय-फाय बसवले. त्याही आधी, २००३ पासून, व्यावसायिक कॅमेऱ्यांना बाहेरून जोडायचे डब्ल्यूटी-१ हे बिनतारी प्रेषक उपलब्ध होते. या सर्व उपायांत कॅमेऱ्याला बिनतारी व्यवहाराची जाणीव असते, हा समान धागा आहे.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या आय-फाय या कंपनीने ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस बाजारात आणलेले २ गिगाबाइटचे कार्ड याच्या अगदी उलट तत्त्वावर चालत होते. सुमारे १०० डॉलर किमतीचे हे कार्ड कॅमेऱ्याला आपण साधे मेमरी कार्ड आहोत असेच भासवी आणि पाठवण्याचे काम त्याच्या नकळत स्वतःच उरके. त्यामुळे वाय-फाय या शब्दाचीही दखल न घेणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यातही ते चालू शके. कॅमेऱ्यांतील छायाचित्रांच्या संदर्भात बिनतारी कार्डाचा खरा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तोशिबाने पुढे आपल्या फ्लॅशएअर कार्डासाठी केलेला पहिलेपणाचा दावा नंतर ठरलेल्या मानकाशी सुसंगत असलेले पहिले कार्ड, एवढ्याच मर्यादित अर्थाचा आहे.

कॅमेऱ्याला न सांगता काम करण्याचे हे तत्त्व जितके सोयीचे, तितकेच तांत्रिक दृष्ट्या अवघड आहे. मेमरी कार्डाला ‘छायाचित्र’ किंवा ‘फाइल’ ही कल्पनाच नसते. ५१२ बाइटचा अमुक क्रमांकाचा खंड लिही, तमुक वाच, एवढेच हुकूम कॅमेरा त्याला देतो. कोणते खंड मिळून कोणती फाइल बनते, याची नोंद फॅट या पद्धतीच्या तक्त्यात कॅमेराच ठेवतो आणि कार्डाच्या लेखी तो तक्ताही इतर खंडांसारखाच काही खंडांचा समूह असतो. बिनतारी कार्डातील प्रोसेसरला मात्र हा तक्ता बाजूने वाचून, नवी फाइल कोणती आणि ती पूर्ण लिहून झाली की अजून लेखन चालू आहे, हे ताडावे लागते. कॅमेरा ‘झाले’ असे कधीच कळवत नाही. फाइलची नोंद आधी करावी की तिचा मजकूर आधी लिहावा, हा क्रमही सर्व कॅमेऱ्यांत सारखा नसतो. म्हणून तक्त्यातील फाइलचा आकार, खंडांची साखळी आणि लेखनातील शांतता यांवरून कार्डाला अंदाज बांधावा लागतो. तो चुकला, तर निम्मे छायाचित्र रंगीत आणि उरलेले करडे अशी अर्धवट प्रत पलीकडे पोचू शकते.

उलट दिशेची अडचण याहून गंभीर आहे. कॅमेरा सुरू होताना तक्ता वाचून घेतो आणि त्याची प्रत स्वतःच्या स्मृतीत ठेवून तिच्याच आधारे पुढचे लेखन करतो. मधल्या काळात कोणी फोनवरून कार्डातील एखादी फाइल पुसली किंवा नवी घातली, तर कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो आपल्या जुन्या प्रतीप्रमाणे लिहीत राहतो आणि तक्ता बिघडतो. दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता एकाच खतावणीत नोंदी कराव्यात, तसा हा प्रकार. त्यामुळे बहुतेक कार्डांनी वाहतूक कार्डाकडून बाहेर अशी एकेरीच ठेवली. फ्लॅशएअरमध्ये बाहेरून फाइल घालण्याची सोय होती, परंतु तीतही आधी कॅमेऱ्याच्या बाजूचे लेखन बंद करण्याचा स्वतंत्र हुकूम द्यावा, अशी शिफारस होती. पाठवून झालेली छायाचित्रे आपोआप पुसून जागा मोकळी करण्याची आय-फायची ‘एंडलेस मेमरी’ ही सोय या दृष्टीने धाडसाचीच म्हटली पाहिजे.

कार्डावर ना कळ असते ना पडदा. म्हणून आय-फायचे आरंभीचे कार्ड प्रथम सोबतच्या रीडरमधून संगणकाला जोडून घरच्या वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द त्यात भरावा लागे. त्यानंतर कॅमेरा चालू असताना ते जाळे टप्प्यात आले, की छायाचित्रे रवाना होऊ लागत. कोणते छायाचित्र पाठवायचे हे निवडण्यासाठी एक चतुर युक्ती योजण्यात आली. चुकून पुसले जाऊ नये म्हणून छायाचित्राला कुलूप लावण्याची कळ जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते. ती दाबली की तक्त्यातील त्या फाइलच्या नोंदीत ‘केवळ वाचनासाठी’ ही खूण होते आणि ती खूण कार्डाला दिसते. आय-फायने कुलूप लावलेलीच छायाचित्रे पाठवण्याचा पर्याय ठेवला. फ्लॅशएअरमध्ये तर कारखान्यातूनच एक नियंत्रक छायाचित्र भरलेले येई. पाहणाऱ्याला ते फ्लॅशएअरचे एक साधे चित्र दिसे. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते उघडून त्याचे कुलूप लावले वा काढले, की कार्डाचे वाय-फाय चालू वा बंद होई. न कळणाऱ्या कॅमेऱ्याच्याच हाताने कार्डाला निरोप देण्याची ही रीत या तंत्रातील सर्वांत कल्पक भाग म्हणावी लागेल.

जोडणीच्या दोन पद्धती रूढ झाल्या. एकीत कार्ड घरातील वा स्टुडिओतील जाळ्यात पाहुण्यासारखे शिरते. दुसरीत ते स्वतःच एक छोटे जाळे उभारते आणि फोन त्याला जोडला जातो. स्मार्टफोन सर्वत्र झाल्यावर दुसरी पद्धत पुढे आली. फ्लॅशएअरला फोन जोडून ब्राउझरमध्ये कार्डाचे नाव टाकले, की छायाचित्रांची यादी वेबपृष्ठासारखी उघडे, कारण कार्डातच एक लहानसा वेब सर्व्हर चालत असे. ट्रान्सेंडच्या वाय-फाय कार्डात एआरएम प्रोसेसरवर चक्क लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, असे २०१३ मध्ये हौशी अभ्यासकांना आढळले. नखाएवढ्या कार्डातल्या त्या संगणकाचा पूर्ण ताबा वेबपृष्ठातील त्रुटींमधून घेता येतो, हेही त्यांनी दाखवून दिले. अशा कार्डांचा कारखान्यातून येणारा परवलीचा शब्द सर्रास ‘१२३४५६७८’ असे आणि बरेच वापरकर्ते तो बदलत नसत.

मर्यादा मुख्यतः वीज, धातू आणि वेग यांच्या आहेत. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. कॅमेरा झोपला की तेही झोपते आणि बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेरे मिनिटाभरात झोपतात. परिणामी शटर दाबून कॅमेरा गळ्यात सोडला, तर छायाचित्र निम्म्या वाटेवर अडकते. यावर उपाय म्हणून काही उत्पादकांनी आय-फाय कार्ड ओळखून पाठवणी संपेपर्यंत जागे राहणारे कॅमेरे काढले. २००८ चा निकॉन डी६० हा त्यांतील सुरुवातीचा. मॅग्नेशियम मिश्रधातूचे अंग असलेल्या कॅमेऱ्यांत लहरी अडतात, तर प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांत त्या सहज बाहेर पडतात. म्हणजे ज्या व्यावसायिकाला गरज अधिक, त्याच्याच महागड्या कॅमेऱ्यात कार्डाची पोच कमी, असा विपरीत प्रकार होतो. काँपॅक्टफ्लॅश या एसडीहून मोठ्या आकाराच्या कार्डाच्या खाचेत अडॅप्टर घालून आपले कार्ड वापरण्यास आय-फायने अधिकृत पाठिंबा दिला नव्हता.

वेगाचा हिशेब साधा आहे. प्रत्यक्षात सेकंदाला १ मेगाबाइट जाते असे धरले, तर ६ मेगाबाइटच्या एका जेपेग छायाचित्राला ६ सेकंद आणि अशा ४०० छायाचित्रांना ४० मिनिटे लागतील. २५ मेगाबाइटच्या ४०० रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइली असतील, तर पावणेतीन तासही पुरणार नाहीत. सेकंदाला ४० मेगाबाइट वाचणारा साधा कार्ड रीडर तेवढीच जेपेग छायाचित्रे एका मिनिटात उतरवतो. म्हणून संपूर्ण कार्ड रिकामे करण्यापेक्षा निवडक छायाचित्रे झटपट फोनवर घेणे किंवा एकेक टिपताच ते दुसऱ्या पडद्यावर पाहणे, यासाठीच हे कार्ड सोयीचे ठरले.

कार्डाचे मानक ठरवतानाही वाद झाला. सिंगापूरच्या ट्रेक २००० या कंपनीचे फ्लूकार्ड व तोशिबाचे प्रयत्न यांतून एका सामायिक मानकाची मागणी पुढे आली आणि एसडी असोसिएशनने जानेवारी २०१२ मध्ये ‘वायरलेस लॅन एसडी’ हे मानक जाहीर केले. त्यात कार्डाने काय करावे हे कॅमेरा सांगू शकेल, अशी तरतूद होती. आय-फायने आपल्या पेटंटांकडे बोट दाखवून त्यावर लगेच आक्षेप घेतला. मानकाचा प्रसार मर्यादितच राहिला. कॅमेरा आणि कार्ड यांचा खरा संवाद साधणारे उदाहरण म्हणून पेंटॅक्सच्या २०१३ मधील के-३ या कॅमेऱ्यासाठीच्या फ्लूकार्डाकडे बोट दाखवता येते. त्यात फोनवरून शटरही दाबता येई.

आय-फायच्या काही कार्डांत २००८ पासून आसपासच्या वाय-फाय जाळ्यांच्या नावनिशीवरून छायाचित्राचे स्थळ नोंदवण्याची सोय होती. तिचा आधार स्कायहूक या कंपनीची माहितीपेढी हा होता. त्यामुळे दाट वस्तीच्या शहराबाहेर ती निरुपयोगी ठरे. त्याच वर्षी अमेरिकेत हरवलेल्या एका कॅमेऱ्याने उघड्या जाळ्याच्या टप्प्यात येताच मालकिणीची आणि कॅमेरा पळवणाऱ्यांचीही छायाचित्रे तिच्या संगणकावर पाठवून दिल्याची बातमी गाजली.

आय-फायने जून २०१६ मध्ये जुन्या, एक्स२ मालिकेपर्यंतच्या कार्डांची सेवा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बंद करण्याचे जाहीर केले. ही कार्डे कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय नव्या जाळ्यासाठी सिद्ध करता येत नसल्याने, चालू स्थितीतील कार्डे निकामी होणार असे दिसू लागले. ग्राहकांच्या नाराजीनंतर सर्व्हरविना मर्यादित वापर करू देणारा एक छोटा प्रोग्रॅम देण्यात आला. कंपनीची मेघसेवा रिको समूहाकडे गेली. तोपर्यंत कॅमेऱ्यांतच वाय-फाय येऊ लागले होते. कॅननने २०१२ च्या ६डी या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात ते दिले, पण त्याच कंपनीने २०१६ मध्ये ७डी मार्क २ सारख्या वाय-फाय नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी डब्ल्यू-ई१ काढले. दिसायला हे एसडी कार्डच, पण त्यात साठवण्याची जागा मुळीच नाही : छायाचित्रे दुसऱ्या खाचेतील काँपॅक्टफ्लॅश कार्डात राहतात आणि हे कार्ड केवळ रेडिओचे काम करते. म्हणजे एसडीआयओ काळातील विभागणीच पुन्हा आली, फरक इतकाच की आता कॅमेऱ्याला कार्डाची पूर्ण ओळख होती.

कॅमेऱ्याबाहेर या कार्डाचा उपयोग काही वेगळ्या यंत्रांत टिकून राहिला. एसडी कार्डावर नोंदी ठेवणारी, पण स्वतःचे वाय-फाय नसलेली झोपेतील श्वसनविकाराची उपकरणे आणि त्रिमितीय मुद्रक यांत हौशी लोक फ्लॅशएअर घालतात. कार्डातच लुआ भाषेतील छोटे प्रोग्रॅम चालवता येत असल्याने नोंदी ठरल्या वेळी आपोआप संगणकाकडे पाठवणे त्यांना जमते.