पहाटेची रक्तशर्करावाढ

रात्रभर काहीही खाल्लेले नसताना साधारण पहाटे ३ ते सकाळी ८ या वेळात मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर वाढते, त्या स्थितीला पहाटेची रक्तशर्करावाढ म्हणतात. डॉक्टर तिला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात. ती टाइप १ आणि टाइप २ अशा दोन्ही मधुमेहांत आढळते.

जाग येण्याआधीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढू लागते, रात्रीत वाढ संप्रेरकही स्रवलेले असते. या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि यकृत रक्तात साखर सोडत राहते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोडे जास्त इन्सुलिन सोडून हे सावरून घेते. मधुमेहात ते जमत नाही. म्हणून झोपताना १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलेली साखर उठल्यावर १६० निघते. ‘रात्री गोड खाल्लंस ना?’ असे घरचे विचारतात, पण हा आरोप अनेकदा अन्यायाचा असतो.

अर्थात, उशिराचे जड जेवण किंवा अपुरे औषध यांनीही सकाळचा आकडा चढतो. तिसरी शक्यता रसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडली: रात्री साखर फार उतरली की शरीर प्रतिक्रिया म्हणून ती वर ढकलते. साखर सतत मोजणारी यंत्रे आल्यावर हा प्रकार पूर्वी वाटे तितका सर्रास नसल्याचे दिसले. तरीही काही रात्री झोपताना, पहाटे ३ च्या सुमारास आणि उठल्यावर साखर मोजून पाहणे फार मोलाचे आहे. पहाटे ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जात असेल आणि सकाळचा आकडा पाहून कोणी इन्सुलिन वाढवले, तर जिवावर बेतू शकते.

फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, जास्त आली म्हणून नाश्ता टाळणे हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. तो बहुधा फसतो. पोटात अन्न गेले नाही तरी यकृताचे काम चालूच राहते, आणि दुपारच्या जेवणानंतर साखर अधिक उसळते. मात्र सकाळी इन्सुलिनला प्रतिसाद कमी असल्याने नाश्ता काय आहे याला महत्त्व येते. चहा-बिस्किटे, चहा-खारी किंवा उपवासाची साबुदाण्याची खिचडी या वेळी साखर झपाट्याने चढवतात. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, दह्यासोबत छोटे थालीपीठ हे पर्याय बरे. पोहे सोडायलाच हवेत असे नाही. बटाटा वगळून त्यात मोड आलेली कडधान्ये आणि शेंगदाणे घालावेत, पोह्यांचे प्रमाण निम्मे करावे. नाचणीच्या आंबिलाबद्दल मात्र गैरसमज आहे: तीही पिष्टमय आहे, वाडगाभर प्यायली तर साखर वाढतेच. नाश्ता मानवतो की नाही, हे पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजल्यावर कळते.

रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घेणे, त्यानंतर १५-२० मिनिटे चालणे, पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. घोरताना श्वास अडत असेल तर त्यावर उपचार घ्यावेत. सकाळी उपाशीपोटी जोरकस व्यायाम केल्यास काहींची साखर उलट वाढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांची घसरू शकते, त्यांनी फिरायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषध किंवा त्याची वेळ बदलतात. मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर कमी करते. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांना पहाटेपुरता वेग वाढवता येतो. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य मानतात. गरोदरपणात ते ९५ च्या खाली असते, तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मुद्दाम सैल ठेवतात, कारण रात्री साखर उतरली तर त्यांना उठवायला शेजारी कोणी नसते.