तापातली शुगर आणि मुरलेला मधुमेह : एचबीएवनसीवर कधी विसंबायचं, कधी नाही

न्यूमोनिया असो, किडनीतलं इन्फेक्शन असो, की उसाच्या सरीत पायाला पाचट लागून मांडीपर्यंत चढलेली सूज, जतहून मिरजेला आणलेल्या पेशंटच्या पहिल्याच रिपोर्टात रँडम शुगर २६८ आली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, "यांना शुगर कधी लागली?" कुणी तरी लगेच परवाच्या कंदी पेढ्यावर खापर फोडतं. पेढ्याचा यात फारसा संबंध नसतो. शक्यता दोन असतात. एक, आजारानेच चढवलेली शुगर, जी आजार उतरला की उतरते. दुसरी, कित्येक वर्षं अंगात मुरलेला आणि कधी तपासलाच न गेलेला मधुमेह, जो इन्फेक्शनच्या निमित्ताने बाहेर आला. आकडा दोन्हींत सारखा दिसतो, पहिले चार दिवस उपचारही जवळपास सारखेच. फरक पडतो तो घरी सोडताना. मुरलेल्या मधुमेहाला कायमचं औषध सुरू करायचं असतं, आजाराने शुगर चढलेल्याला फक्त पुढच्या तपासणीची तारीख द्यायची असते.

"दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग साखर आली कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. ती लिव्हरमधून येते. अंगभर दाह पसरला की कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन आणि ग्लुकागॉन ही हॉर्मोन्स वाढतात. पांढऱ्या पेशींमधून आयएल-६, टीएनएफ यांसारखे निरोपे सुटतात. या सगळ्यांचा मिळून परिणाम असा की लिव्हर साठवलेली साखर सोडतं, वर स्नायूंतल्या प्रथिनांपासून नवी साखर बनवतं, आणि इन्सुलिन "पुरे" म्हणत असलं तरी ऐकत नाही. स्नायूही साखर उचलायला कुचराई करतात. ॲडमिट पेशंटमध्ये १४० च्या वर गेलेली शुगर वाढलेलीच धरतात, मग आधीचा इतिहास काहीही असो.

यात दवाखान्याचीही भर पडते आणि ती हमखास विसरली जाते. डीएनएस, म्हणजे ग्लुकोज असलेल्या सलाईनच्या, ५०० मिलीच्या एका बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचे पाच चमचे. ज्या हाताला ती बाटली चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर रिपोर्ट पेशंटचा कमी आणि बाटलीचा जास्त असतो. ४०० चा आकडा बघून इन्सुलिन टोचण्याआधी दुसऱ्या हातातून सॅम्पल घ्यावं. स्टेरॉईडचं वळण वेगळं. सकाळी डोस दिला की उपाशीपोटीची शुगर जवळपास ठीक येते आणि दुपारनंतर चढत जाते. अशा पेशंटची फक्त सकाळची शुगर बघणारा फसतो.

मुरलेल्या मधुमेहाच्या खुणा रिपोर्टाआधी माणसावर दिसतात. मानेवर आणि काखेत काळपट, मखमली पट्टा. गेले काही महिने रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला, पण भूक चांगली आहे. तळपायाला चप्पल निसटलेली कळत नाही. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या तर प्रश्नच मिटला, कारण त्या आठवड्याभराच्या तापाने उमटत नाहीत. आणि घरातली ती जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी आणायला सांगावी. दोन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या ऑपरेशनवेळची फास्टिंग १३८ तिथेच दडलेली असते.

आता एचबीएवनसी, आपल्याकडची "तीन महिन्यांची शुगर". लाल पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात जितकी साखर तितकी पेशीत, आणि ती हळूहळू हिमोग्लोबिनला चिकटते ती कायमचीच. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या काही महिन्यांच्या सरासरीचा. अर्थात सगळ्या दिवसांचं वजन सारखं नसतं. जवळपास निम्मा भार शेवटच्या एका महिन्याचा असतो. सरासरी शुगर काढायचं सूत्र असं : एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ६.५ म्हणजे सरासरी १४०, ८ म्हणजे १८३.

हे गणित उलट चालवून बघण्यासारखं आहे. समजा, धडधाकट माणसाची सरासरी १०० होती, एचबीएवनसी ५.१. पाच दिवसांच्या तापात शुगर सरासरी २५० राहिली. या पाच दिवसांचं एकूण वजन आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरासरी ११२ वर जाईल आणि एचबीएवनसी ५.५ वर. ६.५ पर्यंत ती पोचत नाही. म्हणूनच ॲडमिट करतानाच एचबीएवनसी पाठवायची आणि ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह आधीपासूनचा, असं धरायचं, हा रिवाज पडला आहे.

रिवाज चांगला आहे, पण त्याची सगळी मदार लाल पेशी १२० दिवस सुखाने जगली यावर आहे. अंगभर दाह असताना नेमकं तेच घडत नाही.

लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. तिला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून आणि प्लीहेतल्या त्याहून बारीक फटींतून दुमडून निघावं लागतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने अंगभर दाह पेटून अवयव बिघडू लागतात तेव्हा, पांढऱ्या पेशी जंतूंवर जे ऑक्सिडंट सोडतात, त्यांचा मारा शेजारून जाणाऱ्या लाल पेशींनाही बसतो. आवरण ताठरतं, आणि ताठर पेशी प्लीहेत अडकून वेळेआधी गिळली जाते. रक्त आतल्या आत गोठू लागलं तर फायब्रिनच्या धाग्यांवर पेशी अक्षरशः कापल्या जातात. स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, हेल्मेटसारखे तुकडे दिसतात ते हेच. जास्त शुगरही पेशीचं आवरण ताठर करण्यात आपला वाटा उचलते. ज्यांच्यात जी-६-पीडी एन्झाइम कमी आहे त्यांचं आणखी बिकट : ऑक्सिडंटपासून बचाव करण्याचं पेशीचं मुख्य साधनच लुळं, त्यात मलेरियासाठी प्रायमाक्विन किंवा त्वचेसाठी डॅप्सोन दिलं की पेशी भराभर फुटतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते.

पेशी लवकर मेल्या की रक्तात तरुण पेशींचा भरणा वाढतो. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आणि एचबीएवनसी खोटी कमी येते. सरासरी शुगर २१० असलेल्याची एचबीएवनसी ८.९ यायला हवी. पेशींचं आयुष्य निम्म्यावर आलं असेल तर ती सहाच्याही आत दिसू शकते. रिपोर्टावर "नॉर्मल" छापून येतं आणि मुरलेला मधुमेह तापातली शुगर म्हणून घरी जातो. रक्त चढवलं असेल तरी तीच गत, कारण मोजलेल्या पेशींतल्या काही दुसऱ्याच्या असतात.

उलट चूक लोहाच्या कमतरतेत होते. तिथे नव्या पेशी कमी बनतात, रक्तात म्हाताऱ्या पेशी जास्त फिरतात, आणि एचबीएवनसी खोटी जास्त येते. हिमोग्लोबिन ८.५ असलेल्या बाईची ६.७ आली म्हणून तिला मधुमेहाचा शिक्का मारणं घाईचं आहे. पेशी फुटत असोत की लोह कमी असो, रिपोर्टात हिमोग्लोबिन कमीच दिसतं, म्हणून नुसतं "रक्त कमी आहे" एवढ्याने भागत नाही. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ८० च्या खाली असेल तर आधी लोहाचा विचार करावा. रेटिक काउंट (नुकत्याच बनलेल्या लाल पेशींचं प्रमाण) अडीच टक्क्यांच्या वर, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (दोन्ही पेशी फुटल्या की रक्तात चढतात) वाढलेलं, तर पेशी फुटताहेत. दाहात दोन तपासण्या मात्र चकवतात. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, दाहाने आपोआप वाढतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं नाही. हॅप्टोग्लोबिन, म्हणजे सांडलेलं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन, पेशी फुटल्या की उतरतं पण दाहात चढतं. दोन्ही एकदम असतील तर मधलाच आकडा येतो आणि सगळं ठीक वाटतं.

एचबीएवनसीवर भरवसा नाही म्हणून फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) करावं, तर ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं आणि प्रथिनांवर अवलंबून असतं. सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन घसरलं की तेही खोटं कमी येतं.

रक्त काढण्यातल्या गफलती वेगळ्याच. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तात पेशी साखर खातच राहतात, तासाला पाच ते सात टक्के. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून सांगलीला पोचेपर्यंत तीन तास गेले तर २०० चे १७० होतात, आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्याहून कमी. शुगरसाठी करड्या झाकणाची फ्लोराईडची नळी घ्यावी. तीही पूर्ण परिणाम दाखवायला तास-दीड तास घेते, म्हणून नळी थंड ठेवलेली बरी. एचबीएवनसीला जांभळ्या झाकणाची. बारीक सुईतून जोर लावून ओढलेलं रक्त सिरिंजमध्येच फुटतं, सिरम गुलाबी होतं आणि पोटॅशियम, एलडीएच खोटे वाढतात. त्यावरून शरीरात पेशी फुटताहेत असं ठरवू नये, सॅम्पल पुन्हा घ्यावं. एचबीएवनसीचं यात फारसं बिघडत नाही, कारण यंत्र पेशी फोडूनच हिमोग्लोबिन मोजतं. ग्लुकोमीटरची गंमत वेगळी : रक्त पातळ, म्हणजे हिमॅटोक्रिट कमी असेल तर बऱ्याच मीटरवर शुगर जास्त दिसते. बीपी पडलेल्या, बोटं गार असलेल्या पेशंटचा बोटाच्या थेंबावरचा आकडा धरूच नये. शिरेतलं रक्त लॅबला पाठवावं.

तापातली शुगर असो की मुरलेला मधुमेह, तातडीच्या उपचारात दोन्हींचं गणित एकच. शुगर वारंवार १८० च्या वर राहिली की इन्सुलिन, आणि बहुतेकांसाठी १४० ते १८० हे लक्ष्य. त्याहून खाली खेचायची हौस महागात पडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइस-शुगर चाचणीत आयसीयूतल्या सहा हजारांवर पेशंटपैकी ज्यांची शुगर ८१ ते १०८ मध्ये ठेवायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात मृत्यू जास्त निघाले. आणि उलट्या, खोल भरभर श्वास, पोटात दुखणं असेल तर शुगर कितीही असो, ॲसिटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारे कीटोन) तपासायचंच. ग्लिफ्लोझिन गटातली (लघवीवाटे साखर बाहेर काढणारी) गोळी चालू असणाऱ्यांत शुगर २०० असतानाही ॲसिटोन चढू शकतं. आजारपणात ती बंद ठेवतात. जुन्या मधुमेहीने मात्र "जेवण नाही म्हणून इन्सुलिन नाही" हे परस्पर ठरवू नये. लिव्हर उपाशी माणसालाही साखर पुरवतं, हे वर आलंच आहे.

डिस्चार्ज कार्डावर "डायबेटिस" किंवा "नो डायबेटिस" असं ठोकून लिहिण्यापेक्षा चार आकडे लिहावेत : दाखल होतानाची शुगर, एचबीएवनसी, त्या दिवशीचं हिमोग्लोबिन, आणि रक्ताच्या किती पिशव्या चढवल्या. पुढचा डॉक्टर त्यावरून एचबीएवनसी मोजण्यात धरायची की नाही हे ठरवतो. ज्याची शंका राहिली त्याची फास्टिंग शुगर सहा ते बारा आठवड्यांनी, ताप पूर्ण गेल्यावर आणि स्टेरॉईड बंद झाल्यावर. १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह, १०० ते १२५ मध्ये असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा. तिथे २०० ही रेघ आहे. रक्त चढवलेल्याची एचबीएवनसी तीन महिने पुढे ढकलावी, लोहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याची हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर. आणि सगळं नॉर्मल आलं तरी वर्षातून एकदा फास्टिंग करत राहावी, कारण तापात ज्याची शुगर चढली त्याला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.