झोत वळतो, अँटेना जागेवरच

रडार म्हटले की गरगर फिरणारी अँटेना डोळ्यांपुढे येते. फेज्ड अ‍ॅरे रडारची अँटेना मात्र जागची हलत नाही. वळतो तो तिचा झोत. तलावाच्या काठावरून दहा खडे ओळीने, एकाच क्षणी पाण्यात सोडले, तर त्यांचे तरंग एकत्र होऊन काठाला समांतर असा एकच तरंग बनतो आणि तो काठापासून दूर सरकतो. तेच खडे डावीकडून उजवीकडे थोड्या थोड्या विलंबाने सोडले, तर तरंग उजवीकडे झुकतो. फेज्ड अ‍ॅरेमध्ये खड्यांच्या जागी ओळीने मांडलेल्या अनेक छोट्या अँटेना असतात आणि तरंगांच्या जागी रेडिओलहरी. सारी किमया या विलंबाची आहे.

ही कल्पना रडारहूनही जुनी. 1905 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन अँटेना उभारल्या आणि एकीला जाणारा संदेश पाव तरंगलांबीने मागे ठेवला. हा विलंब हाताच्या खटक्याने दुसऱ्या अँटेनाकडे सोपवला की प्रक्षेपणाची दिशा 120 अंशांनी बदले.

पुढचे मोठे पाऊल टेलिफोनसाठी पडले. इंग्लंडहून अमेरिकेत येणाऱ्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनांबरावर आदळून वेगवेगळ्या कोनांतून, पुढेमागे पोहोचत आणि एकमेकींत मिसळून आवाज बिघडवीत. बेल प्रयोगशाळेतील हॅराल्ड फ्रीस आणि कार्ल फेल्डमन यांनी 1937 मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथे समभुज चौकोनाच्या आकाराच्या सहा अँटेनांची रांग उभारून यावर उपाय दाखवला. प्रत्येक अँटेनाच्या संदेशाची कला (फेज, म्हणजे लहर किती पुढे-मागे आहे ते) बदलणारे फिरते भाग दातेरी चाकांनी एकाच दांड्याला जोडलेले होते. दांडा फिरला की क्रमाक्रमाने वाढते कलांतर मिळे आणि रांग हवा तो कोन ‘ऐके’. त्याच रांगेवर अनेक ग्राहकयंत्रे जोडून निरनिराळे कोन एकाच वेळी टिपता येत. माझ्या मते या विषयातील सर्वांत देखणी रचना हीच.

दुसऱ्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांच्या कल्पनेतून अमेरिकेत ‘ईगल’ रडार घडले. विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या, सुमारे 5 मीटर लांबीच्या, पंखासारख्या त्याच्या अँटेनात 250 द्विध्रुव (डायपोल, म्हणजे छोट्या अँटेना) होते. त्यांना लहरी पोहोचवणाऱ्या आतील पोकळ धातूच्या तरंगनलिकेची रुंदी कमीजास्त केली की तरंगाचा नलिकेतील वेग बदले, त्यामुळे द्विध्रुवांमधील कलांतर बदले आणि झोत डावी-उजवीकडे झुले. म्हणजे अँटेना थांबली, तरी खटका, दांडा किंवा नलिकेची भिंत, काहीतरी हलवावे लागतच होते.

तेही थांबवायचे, तर हजारो घटकांची, म्हणजे छोट्या अँटेनांची, कला विजेनेच बदलायला हवी आणि त्यांचा हिशेब ठेवायला संगणक हवा. फ्लोरिडातील एग्लिन येथे उपग्रहांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेल्या रडारच्या केवळ प्रक्षेपण बाजूलाच 5,184 घटक होते. ते रडार 1965च्या जानेवारीत काम सुरू होण्यापूर्वीच आगीत भस्मसात झाले आणि पुन्हा उभे राहून 1969 मध्ये रुजू झाले.