तपकिरी शेजारी, निळी गाठ

मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीचा जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर गाठीच्या पेशींची केंद्रकं नुसती निळी आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या पांढऱ्या पेशींची केंद्रकं ठसठशीत तपकिरी. पॅथॉलॉजिस्टला हवं ते उत्तर त्या निळ्यात आहे. तपकिरी म्हणजे प्रथिन आहे, नुसतं निळं म्हणजे नाही. गाठीतून एमएलएच१ हे डीएनएच्या दुरुस्तीतलं प्रथिन गायब झालंय.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी चुकीचं अक्षर हेरते. मग एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी येते, नव्या धाग्याला छेद देते आणि तेवढा भाग काढून पुन्हा लिहिला जातो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल पॉल मॉडरिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ही प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना नेमकं चिकटणारं प्रतिपिंड वापरतात. एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तितकी बनवायची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली. रंग मात्र प्रतिपिंडाचा नसतो. पहिल्याला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड सोबत एक विकर (एन्झाइम) आणतं आणि ते विकर रंगहीन रसायनाला तपकिरी करतं. निळा रंग नंतर वेगळा देतात, केंद्रकं दिसावीत म्हणून.

खरी गोम पुढेच आहे. रंग आला नाही, तर प्रथिन नाही की प्रतिपिंडच चाललं नाही? गाठ टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे प्रथिनं एकमेकांत जखडतात. स्लाइड नीट तापवून ती मोकळी केली नाहीत, तर प्रतिपिंडाला जागाच सापडत नाही. म्हणून त्या तपकिरी शेजाऱ्यांना एवढं महत्त्व. त्या निरोगी पेशी, त्यांच्यात प्रथिन असायलाच हवं. तेही निळे निघाले तर निकाल द्यायचा नाही, स्लाइड पुन्हा करायची. नवं प्रतिपिंड पारखतानाही हाच खाक्या. एचसीटी११६ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एमएलएच१ नसतंच. त्यांची प्रथिनं वजनानुसार वेगळी केल्यावर तिथेही प्रतिपिंडाने ८५ किलोडाल्टनच्या, म्हणजे एमएलएच१ च्या वजनाच्या आसपास पट्टा दाखवला, तर ते भलत्यालाच चिकटतंय.

एक गंमत सांगायलाच हवी. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ ही टिकत नाही, पण उलट होत नाही, कारण एमएलएच१ ला दुसरे जोडीदार आहेत. एमएसएच२ आणि एमएसएच६ यांचंही असंच. त्यामुळे काही प्रयोगशाळा आधी पीएमएस२ आणि एमएसएच६ एवढीच दोन प्रतिपिंडं लावतात.

एमएलएच१ गायब म्हणजे आजार आनुवंशिकच, असं मात्र नाही. बऱ्याचदा गाठीतच त्या जनुकाला रासायनिक कुलूप लागलेलं असतं. उपचारांसाठी निकाल दोन्हीकडे मोलाचा. २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाला मान्यता मिळाली ती गाठ कोणत्या अवयवातली हे न बघता, दुरुस्ती बिघडलीय का एवढं बघून.

आणि कधी कधी स्लाइड छान तपकिरी येते, तरी दुरुस्ती बंद असते. एखादं अक्षर बदललेलं प्रथिन जागेवर असतं, काम करत नाही. प्रतिपिंड फक्त हजेरी घेतं. अशा वेळी डीएनएमधल्या त्याच त्याच अक्षरांच्या माळांची लांबी बदललीय का, ते वेगळं तपासावं लागतं.