शिंदीच्या झाडापासून मळीच्या टाकीपर्यंत : सोलापुरात डिस्टिलरी बघायला का मिळत नाही

स्कॉटलंडला किंवा गोव्याला जाऊन आलेली माणसं हल्ली डिस्टिलरी बघून आल्याचं कौतुकानं सांगतात. तांब्याची मोठी भांडी पाहिली, ओकची पिंपं पाहिली, शेवटी घोटभर चव घेतली. सोलापूरकराच्या मनात मग येतंच, की मद्यार्क तर आपल्या जिल्ह्यात टँकरच्या टँकर तयार होतो. मग आपल्याला फाटकाच्या आत का जाता येत नाही? याचं उत्तर नुसत्या आजच्या नियमांत सापडत नाही. त्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा आला. त्याआधी गावोगाव आपापली भट्टी आणि आपापली शिंदी असे. कायद्यानं दारू गाळणं सरकारी देखरेखीखाली आणलं आणि शिंदी-ताडीच्या झाडांवर कर बसवला. झाड तुमच्या बांधावरचं असलं तरी त्याला खाच पाडून मडकं बांधायचं तर परवाना हवा. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. दारू गाळणाऱ्याच्या दारात सरकारी शिपाई उभा राहिला तो तेव्हापासून.

सोलापूरच्या इतिहासात या कराला रक्ताचा डाग आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे शहर पेटून उठलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरातली शिंदीची झाडं तोडायला माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली. दारूबंदी हा काँग्रेसचा कार्यक्रम होताच, पण शिंदीचं झाड तोडणं म्हणजे सरकारच्या उत्पन्नावरच घाव घालणं होतं, हे तोडणाऱ्यांना आणि पोलिसांनाही पक्कं ठाऊक होतं. अटका झाल्या, जमाव वाढला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहरावर मार्शल लॉ होता. त्याच दिवसांतल्या घटनांचा ठपका ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज बघतो, पण त्या आठवड्याची ठिणगी शिंदीच्या बनात पडली होती हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. मला वाटतं, आपल्या गावाचं दारूशी असलेलं अवघडलेलं नातं इथून सुरू होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मुंबई राज्यभर बंदी लागू झाली. ती पुढं हळूहळू सैल झाली, पण कायदा गेला नाही. आजही नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असंच आहे, पिणाऱ्यानं परवाना बाळगावा हा नियमही आहे आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. ज्या कायद्याचा पायाच बंदीचा, त्यात पाहुण्याला आत नेऊन दाखवण्याची कल्पना सहज कशी बसेल?

स्कॉटलंडमध्येही एकेकाळी असंच होतं. १८२३ च्या कायद्यानं तिथल्या चोरट्या भट्ट्या परवान्याखाली आल्या, मग कितीतरी दशकं गोदामाला सरकारी कुलूप असे. ग्लेनफिडिक या व्हिस्की डिस्टिलरीनं पाहुण्यांसाठी दार उघडलं ते १९६९ साली. आज तिथल्या डिस्टिलऱ्यांना वर्षाला वीस लाखांहून जास्त भेटी होतात.

आपल्याकडे मात्र डिस्टिलरी आली ती उसाच्या पाठोपाठ. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. त्याच दशकात जवळच श्रीपूरला बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना उभा राहिला. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि ऊस जिल्हाभर पसरला. आज तीसहून जास्त कारखाने आहेत. साखर काढून उरते ती मळी, आणि टनभर मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो.

एका हंगामात ओळखीच्या फोरमनच्या मागं लागून मी एक डिस्टिलरी आतून पाहिली. मळीत काठी बुडवून वर काढली तर धार तुटेचना. काळीभोर, काकवीसारखी, पण जिभेवर शेवटी कडवट. पाणी आणि यीस्ट घातलेली टाकी वरून बघितली तेव्हा तपकिरी फेस रटरटत होता, खाली जाळ नसताना. दीड दिवसात तो वॉश तयार होतो, मग गाळण्याच्या उंच कॉलममधून त्यातलं शंभरात पंच्याण्णव भाग शुद्ध असलेलं स्पिरिट वेगळं निघतं. पिंप कुठंच नव्हतं. स्पिरिटच्या टाक्यांना कुलपं आणि शेजारी उत्पादन शुल्कवाल्यांचं ऑफिस. आता त्यातलं बरंचसं इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातं.

भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांचा पाया हेच मळीचं स्पिरिट असतं. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर धान्य हवं आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवणं हवं. धान्य आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? मालदांडी ज्वारी आपलीच. पण २००७ मध्ये राज्यानं धान्यापासून मद्यार्क काढायला अनुदान जाहीर केलं तेव्हा ज्वारीच्या दारूवरून मोठा वाद पेटला. ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्याची कोठारं खुली केली, त्या मुलखाला ते पटणं अवघडच होतं, आणि मला ते योग्य वाटतं. शिवाय आपला उन्हाळा. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीत पिंपातली दहा टक्क्यांच्या पुढं व्हिस्की दरवर्षी उडून जाते, स्कॉटलंडात दोनेक टक्के. सोलापूरच्या मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको.

जिनचं तसं नाही. तिला मुरावं लागत नाही. साधं स्पिरिट, त्यात ज्युनिपरची फळं, धने, लिंबाची साल, आणि पुन्हा एकदा गाळणं. २०१७ पासून गोव्यात नव्या जिनची जी लाट आली ती याच सोयीमुळे. ज्युनिपर हिमालयाकडचं, बाकी सगळं आपल्या मंडईत मिळतं. सोलापुरात एखादी छोटी जिन डिस्टिलरी उभी राहिली आणि तिनं माणसांना आत घेतलं, तर मला मनापासून आनंद होईल.

दार उघडलं ते द्राक्षासाठी. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं वाइनला शेतमालाच्या प्रक्रियेत बसवलं आणि करात सूट दिली. नाशिकला सुला या वाइन कंपनीनं २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली. मग माळशिरस तालुक्यात इटलीचे सेची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांनी मिळून फ्राटेली ही वायनरी उभी केली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच 'भाऊ'. मोटेवाडीच्या माळावर त्यांच्या बागा, स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपं पाहुण्यांना दाखवली जातात.

जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जावं. द्राक्षाची तोडणी चालू असते, कारखान्यांचं गाळपही चालू असतं. अकलूजच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवताना काच खाली केली, की मळीचा वास आपोआप आत येतो.